सकाळी डिस्प्ले नाही, दुपारी सगळं ठीक: गिरगावातल्या एका जुन्या मदरबोर्डाची तपासणी

तक्रार एका ओळीत सांगण्यासारखी होती. सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही. चार-पाचदा बंद-चालू केलं की एकदाचा येतो आणि मग रात्री दुकान बंद होईपर्यंत मशीन कुरकुर करत नाही. दुरुस्तीच्या धंद्यात या प्रकाराला 'नो डिस्प्ले' म्हणतात. रोज येणारं गिऱ्हाईक आहे हे. पण 'नो डिस्प्ले' कायमचा असेल तर काम सोपं असतं. अधूनमधून येणारा असला की मात्र भलेभले पार्ट बदलत सुटतात.

दुकान गिरगावात, खाडिलकर रोडच्या जवळ, लग्नपत्रिकांचं. पुढे काउंटर, मागे डीटीपी (कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायचं टेबल), पोटमाळ्यावर स्क्रीन प्रिंटिंग. मशीन म्हणजे जी४१ चिपसेटचा बोर्ड, त्यावर कोअर टू ड्युओ ई७५००, डीडीआर३ रॅम, विंडोज एक्सपी. तुळशीचं लग्न लागलं की या भागात पत्रिकांची झुंबड उडते, आणि नेमकं त्याच दिवसांत मशीन सकाळचा तास खाऊ लागलं होतं.

"नवीन का घेत नाही?" हा प्रश्न सगळ्यांनी विचारून झाला होता. उत्तर मशीनच्या पाठीमागे होतं: पॅरलल पोर्टला लावलेलं मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं जुनं डोंगल, म्हणजे जे लावलेलं असेल तरच सॉफ्टवेअर चालतं ती डबी. ते निघालं की फॉन्ट गेले, आणि फॉन्ट गेले की पेजमेकरमध्ये (पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये) साठवलेल्या कित्येक वर्षांच्या पत्रिका नुसत्या खुणांचा कचरा. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ला रामराम ठोकला, नवे सुरक्षा अपडेट बंद केले, म्हणून या मशीनला इंटरनेट जोडलेलं नाही, आणि ते बरंच आहे. थोडक्यात, हाच बोर्ड जगवायचा होता.

माझ्याआधी काय झालं होतं

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, नवीन आलं होतं. रॅमची कांडी बदलली होती. कोणीतरी 'फॉरमॅट मारून' विंडोज नव्याने घातलं होतं. या शेवटच्या उपायाबद्दल काय बोलावं? प्रोसेसरने अजून बायॉसची (मशीन उठवणाऱ्या, बोर्डावरच्याच प्रोग्रामची) पहिली आज्ञासुद्धा वाचलेली नाही अशा अवस्थेत हार्ड डिस्कवर काय आहे याला काडीचा अर्थ नसतो. पण बाकीच्या दोन संशयांना मी नावं ठेवणार नाही. मुंबईत 'नो डिस्प्ले'चं पहिलं कारण रॅमच असतं. समुद्राची खारट दमट हवा, त्यात पावसाळा. कांडीच्या सोनेरी दातांवर आणि स्लॉटच्या पिनांवर पापुद्रा धरतो. खोडरबराने दात घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, ब्रशने स्लॉट झाडून कितीतरी मशीनं खरोखर चालू होतात. इथेही तो उपाय 'लागू पडला' होता. दोन दिवस. मग पुन्हा तेच.

प्रत्येक वेळी मशीन टॅक्सीत घालून कोणाच्या तरी टेबलावर पोहोचेपर्यंत दुपार व्हायची. दुपारी ते पहिल्या बटणाला उठायचं. तपासणाऱ्याला बिघाड दिसलाच नव्हता. त्याने अंदाजाने एक पार्ट बदलला, मशीन चालू झालं, आणि ते तसंही चालू होणारच होतं.

या प्रकरणाचा सगळा गाभा इथे आहे. जो बिघाड आपल्याला हवा तेव्हा आणता येत नाही, तो गेला की नाही हेही आपल्याला कळत नाही. म्हणून मी पार्टांकडे जाण्याआधी वेळेकडे गेलो: कधी होतं, कधी होत नाही, आणि त्या दोन वेळांत फरक काय.

कधी, कधी नाही

काकांकडून, म्हणजे दुकानाच्या मालकांकडून, माहिती काढणं म्हणजे कसब. "रोजच होतं रे" यापलीकडे ते जाईनात. "मे महिन्यात होत होतं का?" असं विचारल्यावर थांबले. मेमध्ये नव्हतं. पावसात एखाद-दुसऱ्यांदा. थंडी पडू लागल्यापासून रोज. सगळ्यात वाईट सोमवार, कारण रविवारी दुकान बंद.

काउंटरवर बसलेला त्यांचा मुलगा मधेच म्हणाला, "बाबा गावाला गेले होते ना, तेव्हा काहीच त्रास नव्हता."

"म्हणजे मी पनवती?" काका उखडले.

पण मला त्यातलं हवं ते मिळालं. काका रात्री निघताना दुकानाचा मेन स्विच पाडतात. जुनी चाळ, जुनं वायरिंग, पोटमाळ्यावर शाई आणि थिनर. त्यांचं बरोबरच आहे. मुलगा मात्र फक्त मशीन शटडाउन करून शटर ओढतो, मेन तसाच. म्हणजे रात्रभर बोर्डाला स्टँडबायचा पुरवठा मिळत राहतो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: एटीएक्स एसएमपीएस भिंतीवरच्या बटणाने चालू झालं की लगेच एक लहान पुरवठा सुरू करतं, जांभळ्या वायरवरचा ५ व्होल्टचा स्टँडबाय. पुढचं पॉवर बटण म्हणजे निव्वळ विनंती असते. बटण दाबलं की बोर्ड हिरवी वायर खाली ओढतो, एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देऊ लागतं, आणि ते ठरल्या मर्यादेत आले की १०० ते ५०० मिलिसेकंदांत करड्या वायरवर 'सगळं ठीक'चा इशारा येतो. त्यानंतर साउथब्रिज (चिपसेटमधली एक चिप) रिसेट, म्हणजे प्रोसेसरला रोखून धरणारा इशारा, सोडतो आणि मग प्रोसेसर जागा होतो. ही विनंती ऐकणारा साउथब्रिजचा कोपरा स्वतः स्टँडबायवर जगतो.

तर मेन पाडला की मशीन रुसतं, मेन राहिला की नाही. या एका खुणेवर दोन संशयित उभे राहतात. पहिला बोर्डावरचा बटण सेल, सीआर२०३२. मेन असताना बोर्डाचं घड्याळ स्टँडबायवर चालतं, मेन गेला की या सेलवर. सेल मेलेला असेल तर काही बोर्ड सकाळी गोंधळतात. दुसरा, स्टँडबायची रेल, म्हणजे तो पुरवठा वाहून नेणारी लाइन, स्वतःच. पहिल्याचा निकाल बसल्या जागी लागला. सोमवारीसुद्धा मशीन एकदा चालू झालं की घड्याळ बरोबर वेळ दाखवायचं, बायॉसच्या सेटिंग जागच्या जागी. मेलेल्या सेलने हे होत नाही. तरी पडताळा म्हणून सेल काढून मोजला तर ३.०४ व्होल्ट. परत बसवून टाकला.

सकाळची एक संधी

अडचण अशी की असं मशीन दिवसातून एकदाच बिघडतं. सकाळची ती वेळ फुकट घालवली की पुढची संधी दुसऱ्या दिवशी. म्हणून आदल्या रात्रीच कॅबिनेट उघडून ठेवलं. कॅबिनेटला बीपचा स्पीकरच नव्हता. हल्ली कोणी लावत नाही, आणि मग मशीन काय सांगतंय ते ऐकूच येत नाही. पाच-दहा रुपयांचा तो स्पीकर लावला. पीसीआय स्लॉटमध्ये डीबग कार्ड बसवलं. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, ही कार्डं अजून मिळतात. दोन आकडी कोड दाखवतात आणि शेजारी व्होल्टेज, क्लॉक, रिसेट यांचे बारके दिवे असतात.

सकाळी मेन चढवला, बटण दाबलं. पंखा फिरला. बीप नाही. रॅम काढून पुन्हा दाबलं. अवॉर्ड बायॉस रॅम नसली की लांब बीप देत बोंबलतो. ती बोंब आली तर प्रोसेसर, बायॉस आणि त्यांच्यामधला रस्ता जिवंत आहेत असं धरता येतं. बोंबही नाही. म्हणजे रॅम निर्दोष, निदान या गुन्ह्यात तरी. कार्डावर कोड हलत नव्हता आणि रिसेटचा दिवा पेटलेलाच होता. तो क्षणभर पेटून विझायला हवा. पेटून राहिला याचा अर्थ रिसेट सुटलेलाच नाही.

मल्टीमीटरची काळी पिन कॅबिनेटला, लाल पिन चोवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने. पिवळी १२.०८, लाल ५.०४, नारिंगी ३.३३, जांभळी ५.०२, करडी ४.९ च्या आसपास. मर्यादा ५ टक्क्यांची असते; सगळं आत बसत होतं. नवीन एसएमपीएसला दोष नव्हता, आणि पहिल्यालाही बहुधा नसावा. प्रोसेसरशेजारच्या कॉइलवर १.२ व्होल्ट, रॅमच्या रेलवर १.५. हेही बरोबर.

आता उरली बोर्डावर तयार होणारी ३.३ व्होल्टची स्टँडबाय. ती शोधायला बोर्डाचा नकाशा लागत नाही. पीसीआय स्लॉटच्या ए१४ पिनेवर ती मिळते. मीटर म्हणाला, ३.२८. अगदी साळसूद.

इथे बरेच जण रेलला क्लीन चिट देतात आणि 'चिपसेट गेला' असं सांगून नवा बोर्ड विकतात. पण मल्टीमीटर सरासरी सांगतो. विरार लोकलमध्ये दिवसभरात सरासरी किती माणसं असतात हे कळल्याने सकाळी साडेआठच्या डब्यात पाय ठेवायला जागा आहे का हे कळत नाही, तसंच.

बटणाला हात न लावता

दुसऱ्या सकाळी एक बिनपैशाचा प्रयोग केला. मेन चढवला आणि पॉवर बटणाला कोणीही हात लावायचा नाही असं सांगून आम्ही खाली चहाला गेलो. वीसेक मिनिटांनी येऊन बटण दाबलं. पहिल्या दाबाला डिस्प्ले.

काकांची इतके दिवस समजूत होती की चार-पाचदा दाबल्याने मशीन 'जागं होतं'. दाबण्याने काहीच होत नव्हतं. दाबण्यात, पुन्हा बंद करण्यात, वैतागून दोन पत्रिका मोजून ठेवण्यात जी मिनिटं जात होती, ती काम करत होती. मेन चढल्यापासून बोर्डाचा एक कोपरा हळूहळू कोमट होत होता, आणि पुरेसा कोमट झाला की बिघाड विरघळत होता.

कोमट होण्याची जागा कुठली? पोटमाळ्यावर शाई वाळवायचा हेअर ड्रायर होताच. पुढच्या सकाळी आधी रॅमच्या भागावर गरम हवा दिली, बटण दाबलं: नाही. मग साउथब्रिजच्या कोपऱ्यावर, अर्धा मिनिट: डिस्प्ले आला. आणि उलट परीक्षा दुपारी, चांगल्या चालणाऱ्या मशीनवर. मेन बंद केला, बटण दाबून उरलेली वीज रिकामी केली, कीबोर्ड साफ करायचा दाबलेल्या हवेचा डबा उलटा धरून त्याच कोपऱ्यावर एकेका भागावर थंड फवारा मारला. (तो वायू बऱ्याच डब्यांत ज्वलनशील असतो. पोटमाळ्यावरचं थिनर लक्षात घेऊन मशीन दाराशी आणलं, फवारा मेन बंद असतानाच मारला, आणि तो उडून जाईपर्यंत मेन चढवला नाही.) साउथब्रिजवर मारला, काही नाही. स्टँडबायचे ३.३ व्होल्ट तयार करणाऱ्या रेग्युलेटरवर मारला, काही नाही. त्याच्या शेजारच्या एका कॅपॅसिटरवर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या डबीसारख्या पार्टवर) मारला आणि मेन चढवून बटण दाबलं: पंखा फिरला, स्क्रीन काळी, रिसेटचा दिवा लाल. भर दुपारी सकाळचा बिघाड हजर.

त्या क्षणी दुरुस्ती जवळपास संपली होती. बाकी होतं ते सोल्डरिंग.

कॅपॅसिटर दिसायला ठीक होता

हे मुद्दाम लिहितो, कारण जुन्या बोर्डावर सगळे 'फुगलेला कॅपॅसिटर' शोधतात. २०००च्या दशकात तैवानी इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे कॅपॅसिटरमधल्या द्रवाच्या, भानगडीत लाखो बोर्डांवर कॅपॅसिटरची टोपी फुगून फुटली, तेव्हापासून ती खूण सर्वांच्या डोक्यात बसली आहे. इथला कॅपॅसिटर १००० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट, १०५ अंशांचा. टोपी सपाट, बूड कोरडं. फुगवटा असेल तर तो दोषी हे खरं. फुगवटा नाही म्हणून निर्दोष, हे खरं नाही. खालच्या रबरी बुचातून द्रव वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातो आणि बाहेर मागमूस राहत नाही.

प्रोसेसरच्या भोवतीचे कॅपॅसिटर या बोर्डावर सॉलिड होते, म्हणजे पॉलिमरचे. डब्यावर 'सॉलिड कॅपॅसिटर' असं मोठ्या अक्षरात छापतात ते त्यांच्या जोरावर. कोपऱ्यातल्या किरकोळ रेल मात्र साध्या इलेक्ट्रोलिटिकवर सोडलेल्या. त्या काळच्या स्वस्त बोर्डांची ही नेहमीची काटकसर.

आयुष्याचा हिशोबही पाहण्यासारखा आहे. अशा कॅपॅसिटरला १०५ अंशांवर २००० तासांची हमी असते, आणि ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. साउथब्रिजच्या शेजारी, धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये ६५ अंश धरले तर ३२,००० तास. रोजचे १२ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे वर्षाला ३६०० तास. जेमतेम नऊ वर्षं. हा बोर्ड त्याहून म्हातारा होता. त्याने आपलं काम केलं होतं म्हणायचं.

खिशात मावणारा छोटा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार दाखवणारं यंत्र) ए१४ पिनेवर लावला तेव्हा मीटरने लपवलेलं चित्र दिसलं. थंड असताना ३.३ व्होल्टच्या रेषेवर सुमारे ४०० मिलिव्होल्टची करवत. ड्रायर दाखवला की दात झिजत झिजत रेष सपाट. ५ व्होल्टपासून ३.३ करणारा रेग्युलेटर साधा लिनिअर होता. त्याला बाहेरच्या बाजूला ठरावीक जातीचा कॅपॅसिटर लागतो. त्या कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढला की रेग्युलेटर स्वतःच थरथरू लागतो. वाळलेल्या इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर गारव्यात आणखी चढतो, उबेत उतरतो. आणि ऊब शेजारीच होती: १.७ व्होल्ट रेग्युलेटरवर पडतात, ०.३ अँपिअर प्रवाह धरला तर अर्धा वॅट उष्णता. वीस मिनिटांच्या चहात तेवढी पुरते. मशीन एकदा चालू झालं की ही रेल मुख्य ३.३ व्होल्टवर जाते, म्हणून दिवसभर तक्रार नाही.

बदल

पॉलिमरचा कॅपॅसिटर हाताशी होता आणि 'चांगला तो लावू' हा मोह सहज होतो. इथे तो लावला नाही. जुन्या घडणीच्या लिनिअर रेग्युलेटरला ईएसआर फार जास्त चालत नाही तसा फार कमीही चालत नाही. पॉलिमरचा जवळजवळ शून्य ईएसआर त्याला पुन्हा थरथरवू शकतो. म्हणून तशाच जातीचा, लो ईएसआर, १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्ट, १०५ अंशांचा नवा घेतला. व्होल्टेज वरचं चालतं, फक्त उंची-जाडी बसली पाहिजे. लॅमिंग्टन रोडवर घेताना पदपथावरच्या ढिगातला घेऊ नये. जुना काढलेला, नवी पन्नी चढवलेला माल तिथे सर्रास असतो. घेतलेला नग टेस्टरवर मोजूनच लावावा.

मदरबोर्डावरून कॅपॅसिटर काढताना ऋण पायाचं भोक छळतं. तो पाय आतल्या तांब्याच्या पूर्ण थराला जोडलेला असतो, आणि तो थर आयर्नची उष्णता पिऊन टाकतो. २५ वॅटच्या आयर्नने रेटारेटी केली तर भोकाचं अस्तर उपटून येतं आणि मग बोर्ड खरोखर जातो. खालून गरम हवेने भाग तापवला, ६० वॅटच्या आयर्नने थोडं साधं शिशाचं सोल्डर मिसळलं (कारखान्याचं बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, मिसळलं की लवकर सैल होतं), आणि पाय आळीपाळीने हलवत काढला. भोक लाकडी टूथपिकने मोकळं केलं. दिशेबाबत एक सांगतो: बोर्डावरचं पांढरं अर्धवर्तुळ बहुतेक ठिकाणी ऋण बाजू दाखवतं, पण काही बोर्डांवर नेमकं उलटं असतं. काढण्याआधी मोबाइलने फोटो काढावा.

निघालेला नग टेस्टरवर ठेवला: ३१० मायक्रोफॅरड, ईएसआर ४.२ ओहम. नव्याचा ०.०४. त्याच कोपऱ्यातला त्याच कंपनीचा आणखी एक कॅपॅसिटर ७०० वर आला होता, तोही बदलला.

दुपारी पुन्हा थंड फवारा मारला. डिस्प्ले. पुन्हा मेन पाडून, रिकामा करून, फवारा. डिस्प्ले. पण माझ्या लेखी निकाल सोमवारचाच होता, रविवारचा पूर्ण दिवस मेन बंद राहिल्यानंतरचा. त्या सकाळी मुलाने दुकान उघडून व्हिडिओ पाठवला: बटण, एक लहान बीप, एक्सपीचा हिरवा डोंगर. पुढचे सोमवारही तसेच गेले.

बिलावरून थोडी बोलाचाली झाली. "दोन कॅपॅसिटर? यांचे किती होतात, वीस रुपये?" काकांनी विचारलं. "पार्टचे तेवढेच. बाकी शोधायचे," मी म्हटलं. त्यांनी हिशोबाच्या वहीत 'शोधणे' असंच लिहिलं.

एक गोष्ट तपासणीत सापडली ती या बिघाडाशी संबंधित नव्हती, पण सोडून देता आली नाही. कॅबिनेटला ओला हात लागला की मुंग्या यायच्या. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे कॅपॅसिटर बॉडीला अर्ध्या पुरवठ्याच्या आसपास, ११५ व्होल्टपर्यंत उचलून धरतात. प्रवाह अगदी थोडा, पण अर्थिंग असेल तर तो मुकाट जमिनीत जातो. इथे तीन पिनी सॉकेट होतं आणि तिसऱ्या पिनेला आत वायरच नव्हती. याला इलेक्ट्रिशियन लागतो, मी नव्हे. डीटीपीच्या टेबलापर्यंत अर्थ ओढून घेतला गेला आहे. पोटमाळ्याचं काम लग्नसराई संपल्यावर. हार्ड डिस्कची जशीच्या तशी एक प्रत काढून ठेवली आणि पॅरलल पोर्ट असलेला जी४१चा दुसरा बोर्ड मिळाला तर घेऊन ठेवा म्हणून सांगितलं. डोंगलची प्रत मात्र सहज काढता येत नाही, आणि ते ज्या सॉफ्टवेअरसोबत मिळायचं ती आवृत्ती आता विकली जात नाही. पेजमेकरच्या जुन्या पत्रिका युनिकोडमध्ये आणायचं काम मुलाने फावल्या वेळात हाती घेतलं आहे.